अग्नीच्या साक्षीने जुळलेले सख्य

मैत्री गरजेतून जन्मते की स्वभावातून, हा प्रश्न ग्रीक आणि भारतीय अशा दोन्ही परंपरांतल्या विचारवंतांनी फार गंभीरपणे हाताळला. आज मैत्रीला खासगी आयुष्यातला एक सुखाचा कोपरा मानले जाते. प्राचीन काळी तिचे स्थान नीतीच्या केंद्रापाशी होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या दहा भागांपैकी आठवा आणि नववा असे दोन संपूर्ण भाग मैत्रीवर आहेत. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यांत स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश आणि दंड यांच्या पंक्तीला मित्राला बसवले. पंचतंत्राच्या पाच तंत्रांपैकी पहिल्या दोहोंची नावेच मित्रभेद आणि मित्रसंप्राप्ती अशी आहेत.

या प्रश्नाची पहिली मोठी चर्चा प्लेटोच्या ‘लायसिस’ या संवादात आहे. अथेन्सच्या तटाबाहेरच्या एका नव्या तालमीत सॉक्रेटिसला लायसिस आणि मेनेक्झेनस ही दोन मुले भेटतात. दोघे एकमेकांचे जिवलग. मित्र म्हणजे नेमका कोण, एवढेच सॉक्रेटिस त्यांना विचारतो. सारख्याला सारखा आवडतो म्हणावे, तर जो आपल्यासारखाच आहे त्याच्याकडून मिळण्याजोगे नवे काय उरते? विरुद्धाला विरुद्ध आवडतो म्हणावे, तर सज्जनाला दुर्जन आवडायला हवा. पूर्णपणे चांगल्या माणसाला कशाचीच उणीव नसते. मग त्याला मित्र लागावाच कशाला? एकही उत्तर टिकत नाही. मुलांना घरी न्यायला माणसे येतात आणि चर्चा अर्धवट थांबते. मैत्री अनुभवणाऱ्यांनाही तिची व्याख्या करता येत नाही, ही अडचण प्लेटोने उघडी ठेवली.

अ‍ॅरिस्टॉटलने (इ. स. पू. 384 ते 322) तीच अडचण हातात घेऊन मैत्रीचे तीन प्रकार केले. काही माणसे उपयोगासाठी एकत्र येतात, काही एकमेकांच्या सहवासातल्या मजेसाठी, आणि थोडी माणसे एकमेकांच्या चांगुलपणासाठी. पहिल्या दोन प्रकारांत खरे प्रेम त्या माणसावर नसते, त्याच्याकडून मिळणाऱ्या गोष्टीवर असते. ती गोष्ट संपली की नाते विरते. म्हातारी माणसे उपयोग पाहतात आणि तरुण मजा पाहतात, हे त्याचे निरीक्षण कठोर वाटले तरी खोटे नाही. तिसरा प्रकार दुर्मीळ, कारण चांगली माणसे थोडी आणि ओळख पटायला काळ फार लागतो. बरोबर मीठ खाल्ल्याखेरीज मित्राची पारख होत नाही, ही त्याच्या काळची ग्रीक म्हण त्याने यासाठीच वापरली. मिठाला जागण्याची भाषा बोलणाऱ्या मराठी वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. मित्र हा दुसरा ‘मी’च असतो, हे त्याचे विधान पुढे सर्वांत गाजले. त्याच्याइतकेच महत्त्वाचे दुसरे विधान मात्र फारसे उद्धृत होत नाही: नगरे मैत्रीने बांधलेली राहतात, आणि जिथे लोक मित्र असतात तिथे न्यायाची वेगळी गरज भासत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच्या विवेचनाचा पाया समानता हा आहे. दर्जात थोडे अंतर असले तर प्रेमाचे माप कमीजास्त करून मैत्री सावरता येते. अंतर फार वाढले, की मैत्री शक्य नाही. देव माणसापासून इतका दूर असतो की त्याच्याशी मैत्री संभवत नाही, असे तो स्पष्ट म्हणतो.

समानतेचा हाच आग्रह महाभारताच्या आदिपर्वात एका राजाच्या तोंडी येतो, आणि तिथे तो भयंकर ठरतो. द्रोण आणि पांचालांचा राजपुत्र द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र वाढले. पुढे द्रुपद राजा झाला आणि द्रोण दरिद्रीच राहिला. द्रोणाच्या लहानग्या अश्वत्थाम्याला इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून पाजले आणि तो आनंदाने नाचू लागला, ते पाहून द्रोण कळवळला आणि जुन्या मित्राकडे गेला. द्रुपदाने त्याला सभेत ऐकवले की मैत्री बरोबरीच्यांत होते, राजाची निर्धनाशी मैत्री कसली? द्रोणाने हा अपमान मनात जपला. शिष्यांकरवी त्याने द्रुपदाला बांधून आणले, त्याचे अर्धे राज्य घेतले आणि म्हटले, आता आपण बरोबरीचे झालो. गंगेच्या उत्तरेचा भाग द्रोणाकडे राहिला, दक्षिणेचा द्रुपदाकडे. त्या सुडासाठी द्रुपदाने यज्ञ केला, त्यातून धृष्टद्युम्न जन्मला आणि कुरुक्षेत्रावर द्रोणाचे मस्तक त्याच्याच हातून तुटले. समानतेची अट संपत्तीने मोजली तर ती मैत्रीला कुठवर नेते, हे महाभारताने सिद्धान्त न सांगता दाखवले.

शांतिपर्वातल्या आपद्धर्मात गरजेच्या मैत्रीवर आणखी टोकदार गोष्ट आहे. शत्रूंनी वेढलेल्या राजाने कसे वागावे, असे युधिष्ठिर विचारतो, तेव्हा भीष्म एका वटवृक्षाखालची हकिकत सांगतात. लोमश नावाचा बोका पारध्याच्या जाळ्यात अडकतो. पलित नावाचा उंदीर निर्धास्त बाहेर येतो आणि पाहतो तो एका बाजूला मुंगूस, वर फांदीवर घुबड. मुंगूस आणि घुबड बोक्याला भितात, म्हणून उंदीर बोक्याशी करार करतो: मला पोटाशी घे, मी तुझे पाश तोडतो. बोका कबूल होतो आणि दोन्ही शत्रू निराश होऊन निघून जातात. उंदीर पाश कुरतडतो, पण सावकाश. शेवटचा दोर पारधी अगदी जवळ येईपर्यंत ठेवतो, म्हणजे सुटल्यावर बोक्याला पळण्यापलीकडे काही सुचू नये. दोघेही वाचतात. मग बोका झाडावरून गोड हाक मारतो, तू माझा मित्र, माझ्या घरी ये. उंदीर बिळातूनच नकार देतो. कोणी जन्मतः मित्र नसतो की शत्रू नसतो, कारणाने मैत्री होते आणि कारण संपले की संपते. आता तुला माझी गरज उरली आहे ती भक्ष्य म्हणूनच, असे तो सुनावतो. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण तक्रारीची आहे. इथे उंदीर तीच गोष्ट शहाणपण म्हणून सांगतो, आणि भीष्म त्याला दुजोरा देतात.

उंदराचे म्हणणे अखेरचे मानले तर गरजेतून आलेल्या प्रत्येक नात्याला मुदत असते. भारतीय परंपरेत याला दिलेले सर्वांत समर्थ उत्तर वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात आहे. या कांडाची चिकित्सित संहिता बडोद्यात सिद्ध झाली. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात 1916 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुस्तक निघाले आणि 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिराची स्थापना झाली. पुढे ही संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग बनली. तिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या परंपरांतली रामायणाची हस्तलिखिते ताडून सात कांडांची संहिता 1960 ते 1975 या वर्षांत प्रसिद्ध झाली. किष्किंधाकांडाचे संपादन डी. आर. मांकड यांनी केले. ते 1965 मध्ये आले. अयोध्याकांड आणि युद्धकांड ही दोन कांडे मराठी संस्कृतपंडित प. ल. वैद्य यांनी सिद्ध केली.

राम आणि सुग्रीव यांची गाठ निखळ गरजेतून पडते. कबंध हा राक्षस रामाला सांगतो की सुग्रीवाकडे जा आणि अग्नीच्या साक्षीने त्याच्याशी सख्य कर, म्हणजे सीतेचा शोध लागेल. ऋष्यमूक पर्वतावर हनुमान लाकडे घासून अग्नी पेटवतो, दोघे हातात हात घेतात, अग्नीला प्रदक्षिणा घालतात. जो विधी विवाहाचा, तोच इथे मैत्रीचा. त्या अग्नीपाशी उभ्या असलेल्या दोघांची स्थिती पाहण्यासारखी आहे. दोघांचेही राज्य गेलेले, दोघांचीही पत्नी दुसऱ्याने नेलेली, दोघेही रानात दिवस काढणारे. एक माणूस, एक वानर. कुळ, जात, सामर्थ्य यांत कसलीच बरोबरी नाही. बरोबरी आहे ती गमावलेल्या गोष्टींची. द्रुपदाने मागितलेली समानता आणि ही समानता यांत फार मोठे अंतर आहे, आणि दुःखाच्या समानतेवर मैत्री उभी करण्याचे धाडस वाल्मीकीने केले, हे त्याचे मोठेपण.

ही मैत्री गोड करून सांगितलेली नाही. सुग्रीवाचा प्रथम विश्वासच बसत नाही. राम एका बाणाने सात सालवृक्ष भेदतो तेव्हा त्याची खात्री पटते. राज्य बळकावणाऱ्या वालीशी पहिल्या द्वंद्वात दोघे भाऊ इतके सारखे दिसतात की राम बाण सोडू शकत नाही, आणि मार खाऊन परतलेला सुग्रीव त्याला दोष देतो. दुसऱ्या वेळी ओळखीसाठी सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घालावी लागते. वाली पडतो, पण लपून मारल्याबद्दल त्याने विचारलेले प्रश्न आजही वाचकाला अस्वस्थ करतात. मित्रासाठी केलेले काम धर्माच्या कसोटीला उतरते की नाही, ही शंका कवी दडवत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात येते. राम डोंगरावर चार महिने काढतो, सुग्रीव राज्य आणि स्त्रिया मिळाल्यावर सुखात बुडतो आणि शरद उजाडला तरी त्याला वचन आठवत नाही. उंदराचा नियम इथे अक्षरशः खरा ठरू पाहतो: कारण संपले, मैत्री संपली. रामाचा निरोप घेऊन लक्ष्मण किष्किंधेत शिरतो. ज्या वाटेने वाली गेला ती वाट अजून बंद झालेली नाही, असा तो निरोप आहे. वालीची विधवा तारा पुढे होते आणि लक्ष्मणाचा राग शांत करते. सुग्रीव भानावर येतो, चारी दिशांना वानर पाठवतो आणि त्यांना महिन्याची मुदत घालून देतो. त्यानंतर तो कधीच मागे हटत नाही. उत्तरकांडाच्या शेवटी, जेव्हा कोणाचीही कोणाला गरज उरलेली नाही, तेव्हा अंगदाला राज्यावर बसवून तो रामाबरोबर शरयूकडे जायला येतो. मैत्रीची सुरुवात गरजेची होती. तिला गरजेपलीकडे नेले ते दिलेल्या वचनाने आणि चूक झाल्यावर परत येण्याच्या तयारीने.

ग्रीकांत या विचाराच्या सर्वांत जवळ एपिक्युरस येतो. इ. स. पू. 306 च्या सुमारास त्याने अथेन्सजवळ एक बाग घेतली आणि तिथे मित्रांचा मेळा वसवला. त्यात स्त्रिया होत्या, गुलामही होते. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. सगळी मैत्री लाभातून सुरू होते हे त्याने मान्य केले, तरी ती स्वतःसाठीच हवीशी असते असेही म्हटले. विरोधकांना यात विसंगती दिसली. मित्राच्या प्रत्यक्ष मदतीपेक्षा, मदत मिळेल या भरवशाचा आधार मोठा असतो, हे त्याचे म्हणणे मात्र कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अनुभवाला जवळचे आहे.

मित्रासाठी वाईट काम करावे का, हा पुढचा प्रश्न. सिसेरोने इ. स. पू. 44 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, मैत्रीवर ‘लेलियस’ हा संवाद लिहिला आणि आपला मित्र अ‍ॅटिकस याला अर्पण केला. त्यात ब्लॉसियसची हकिकत आहे. रोमन पुढारी टायबेरियस ग्रॅकसच्या वधानंतर त्याच्या या साथीदाराची चौकशी झाली. ग्रॅकसने कॅपिटॉलवरचे मंदिर जाळायला सांगितले असते तर? त्याने तसे कधीच सांगितले नसते, असे ब्लॉसियस म्हणाला. पण सांगितलेच असते तर? तर जाळले असते. सिसेरोला हे उत्तर घातक वाटते. मित्राकडे लाजिरवाणी गोष्ट मागू नये आणि त्याने मागितली तर करू नये, असा तो नियम घालून देतो.

मराठी वाचकापुढे हा प्रश्न कर्णाच्या रूपाने उभा राहतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने 1967 पासून कर्णाला घरोघरी पोचवले, आणि वाचकांचा जीव कर्णात अडकतो तो बहुतेक त्याच्या मैत्रीमुळेच. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून ज्येष्ठ पांडवाचे स्थान देऊ करतो, आणि दुर्योधनाच्या बाजूने पराभव होणार हे दिसत असूनही कर्ण नकार देतो. भर सभेत अंगराज्य देऊन ज्याने मान दिला त्याला संकटात सोडायचे नाही, एवढे त्याला पुरते. सिसेरोच्या नियमाने कर्ण चुकतो. महाभारतही त्याला निर्दोष ठरवत नाही. द्यूतसभेतल्या त्याच्या शब्दांचा हिशेब होतोच. तरी कृतज्ञतेला एवढी किंमत देणारा माणूस केवळ चुकीचा म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि इथे महाभारताचा तराजू सिसेरोच्या तराजूपेक्षा अधिक सूक्ष्म आहे.

असमानांच्या मैत्रीची सर्वांत लाडकी गोष्ट कृष्ण आणि सुदामा यांची. भागवताच्या दशमस्कंधातली ही कथा सतराव्या शतकात बडोद्याच्या प्रेमानंद भटाने गुजरातीत आख्यानरूपाने रचली. बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याच्या घागरीवर ताल धरत आख्यान लावणाऱ्या माणभटांच्या परंपरेतला तो सर्वांत मोठा कवी. त्यामुळे बडोद्यात तरसालीपासून दांडिया बाजारापर्यंत राहणाऱ्या मराठी घरांना सुदाम्याचे पोहे दोन वाटांनी भेटतात: घरच्या कीर्तनाच्या परंपरेतून आणि शहराच्या स्वतःच्या कवीकडून. कृष्ण द्वारकेचा स्वामी, सुदामा अन्नाला मोताद. एका गुरूच्या घरी सरपण आणायला गेलेले असताना पावसात भिजलेली रात्र, ही त्यांची सामाईक मिळकत. सुदामा काही मागत नाही. कृष्णही देतो ते समोर न देता, मित्र घरी पोचण्याआधी. द्रुपदाच्या दरबारात द्रोणाने मैत्रीचा दावा सांगितला आणि तो फेटाळला गेला. द्वारकेत दावाच नव्हता, म्हणून फेटाळण्याचा प्रसंगही आला नाही.

देवाशी मैत्री अशक्य, हे अ‍ॅरिस्टॉटलचे मत भक्तिपरंपरेने साफ नाकारले. नवविधा भक्तीत सख्य ही आठवी, आत्मनिवेदनाच्या अगदी अलीकडची पायरी. दासबोधाच्या चौथ्या दशकातला आठवा समास तिच्यावर आहे. देवाला जे आवडते ते आपण करावे, त्याच्या सख्यासाठी आपले सुख सोडावे आणि मनासारखे झाले नाही म्हणून त्याच्यावर रुसू नये, असे रामदास सांगतात. हे नियम देवासाठी सांगितले असले तरी माणसांमधल्या मैत्रीचे इतके नेमके वर्णन मराठीत क्वचितच सापडते.

बौद्ध विचारात मैत्रीचे दोन अर्थ वेगळे धरावे लागतात. एक कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवरचा सोबती. अर्धे धर्मजीवन चांगल्या मित्रावर अवलंबून आहे, असे आनंद म्हणतो तेव्हा बुद्ध त्याला दुरुस्त करतात: अर्धे नव्हे, सगळेच. सिगालोवाद सुत्तात राजगृहाचा एक तरुण सहा दिशांना नमस्कार करताना बुद्धांना भेटतो. त्याला ते सांगतात की खऱ्या दिशा म्हणजे माणसे, आणि उत्तर दिशा मित्रांची. मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि जिव्हाळा असणारा, असे चार खरे मित्र तिथे येतात. नुसते घेणारा, बोलघेवडा, तोंडपुजा आणि व्यसनांचा सोबती हे चौघे मित्राच्या वेषातले परके.

दुसरा अर्थ मेत्ता, सर्व जीवांविषयीची मैत्री. हा विचार मराठीत आणण्याचे मोठे काम गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांनी केले, आणि त्यात बडोद्याचा वाटा आहे. महाराष्ट्रात राहून अभ्यास आणि लेखन करता यावे म्हणून सयाजीरावांनी त्यांना दरमहा 50 रुपये लावून दिले. ज्या विसुद्धिमग्गाचे संपादन करण्यात कोसंबींची बरीच वर्षे गेली, त्यात बुद्धघोषाने मेत्ता वाढवण्याची रीत दिली आहे. सुरुवात स्वतःपासून करावी, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग तटस्थ, शेवटी वैरी. जिवलग मित्रापासून सुरुवात करू नये, कारण त्याला जरासे दुखले तरी साधक रडू लागेल. मेत्तेचा दूरचा शत्रू द्वेष आणि जवळचा शत्रू आसक्ती, हे त्याचे वर्गीकरण मानसशास्त्र म्हणूनही अचूक आहे. तो एक कठीण प्रसंगही कल्पितो: साधक, त्याचा मित्र, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले आहेत, चोर येऊन बळी देण्यासाठी एक मागतात. ज्याला अजून एखादे नाव घ्यावेसे वाटते, मग ते स्वतःचे का असेना, त्याच्या मनातल्या सीमा मोडलेल्या नाहीत.

जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय सर्व प्राण्यांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि न ऐकणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य सांगतो. योगसूत्रांच्या पहिल्या पादात मैत्री सुखी माणसासाठी राखून ठेवली आहे. दुसऱ्याच्या सुखाने मन मलिन होऊ नये म्हणून. संवत्सरीच्या दिवशी बडोद्यातले जैन शेजारी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, त्यामागे सर्वांशी मैत्री आणि कोणाशीही वैर नाही ही प्रतिज्ञा असते. ही सार्वत्रिक मैत्री आणि एका माणसाशी जडलेले सख्य या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. बुद्धघोषाच्या साधकाला सुग्रीव लागत नाही, रामाला लागतो.

बडोद्याच्या अलीकडच्या इतिहासात या विचारांना माणसे भेटली. केंब्रिजमध्ये ग्रीक आणि लॅटिन शिकलेले अरविंद घोष 1893 मध्ये बडोदे संस्थानात नोकरीला आले आणि 1906 पर्यंत राहिले. संस्कृत आणि मराठीचा त्यांचा अभ्यास इथेच झाला. केंब्रिजचे त्यांचे मित्र केशवराव देशपांडे तेव्हा मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’शी संबंधित होते. त्यांच्याच आग्रहाने अरविंदांनी त्यात काँग्रेसच्या धोरणावर टीका करणारी लेखमाला लिहिली. पुढे देशपांडेही बडोद्याच्या सेवेत आले. खासेराव आणि माधवराव जाधव या बंधूंशी अरविंदांचा घरोबा जडला, आणि खासेरावांच्या घरी ते बराच काळ राहिले. मित्रांनी एकत्र राहावे आणि विचार वाटून घ्यावेत, गुरांसारखे नुसते एका कुरणात चरू नये, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. या मित्रांच्या सहवासाला उद्दिष्ट होते ते देशाच्या स्वातंत्र्याचे. देशपांडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना घरातल्या नात्यांनी हाक मारण्याची पद्धत होती. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तिथेच ‘काका’ झाले आणि फडके ‘मामा’. सरकारी दडपणामुळे विद्यालय बंद पडले. नावे मात्र त्या माणसांना आयुष्यभर चिकटली.

मैत्री तुटण्याचाही विचार प्राचीनांनी केला आहे. सेनेका ल्युसिलियसला लिहितो की पारख आधी करावी, एकदा मित्र म्हटल्यावर संशय ठेवू नये. बहुतेक लोक उलट करतात. सिसेरो म्हणतो की न जमणारी मैत्री फाडू नये, टाके उसवावेत तशी हळूहळू सोडवावी, आणि तिचे वैरात रूपांतर होऊ देऊ नये. लहानपणीचे दोन मित्र, त्यांतला एक मनाने मूलच राहिला आणि दुसरा वाढला, तर ते मित्र राहू शकत नाहीत, हे अ‍ॅरिस्टॉटल मान्य करतो. मात्र असा जुना मित्र अनोळखी माणसासारखा वागवू नये. एके काळी जी जवळीक होती तिच्यासाठी त्याला काहीतरी अधिक देणे लागते. याला अपवाद तो एकच ठेवतो, तो म्हणजे अतिरेकी दुष्टपणामुळे तुटलेल्या मैत्रीचा.